सातवीच्या पोरांचं ३क्ष + २ = ५क्ष

यावेळचं पत्र एका तरुण शिक्षिकेचं आहे. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, विषय गणित. पत्र बरंच लांब आहे म्हणून कामाचं तेवढं देते.

"बाई, हा वर्ग मला जूनपासून मिळालाय. बत्तीस मुलं. अपूर्णांक, टक्केवारी इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, काहीजण तर माझ्याआधी उत्तर सांगायचे. बैजिक राशी सुरू केल्या आणि दुसऱ्याच कुठल्यातरी वर्गात आल्यासारखं वाटायला लागलं. ३क्ष + २ दिलं की निम्मा वर्ग ५क्ष लिहितो. क्ष = ४ घ्या म्हटलं की ३क्ष म्हणजे ३४ लिहितात. समीकरणात इकडचं तिकडे नेताना कुणी चिन्ह बदलतं, कुणी विसरतं, कुणी भागायचं तिथे वजा करतं. इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं हा नियम सरळ सांगून टाकू का? शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात नियम पाठ करून घ्या, समजायचं ते नंतर समजतं. एक मुलगा वडिलांबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसतो, त्याचं प्रत्येक उत्तर तोंडी बरोबर असतं पण वहीत पायऱ्याच नसतात, त्याचे मार्क जाणार. तीन आठवड्यांवर घटक चाचणी आलीय. मुलं कच्ची आहेत की मीच? आणि प्लीज मला अगंतुगं करा."

अगं, शेवटचं आधी. मुलं कच्ची नाहीत आणि तूही नाहीस. तू लिहिलेल्या सगळ्या चुका मी तीस वर्षं वह्यांत लाल पेनाने गोल करत आलेय, अगदी त्याच, ३४ सुद्धा. बदलीची गावं बदलली, दोन-तीनदा पुस्तकं बदलली, तो ३४ काही जागचा हलला नाही. जिथे जावं तिथली पोरं तीच चूक करतात म्हटल्यावर मला फार उशिरा कळलं की हे आपणच शिकवलेलं असतं, पोरं फक्त ते भलत्या ठिकाणी वापरतात. बघ ना, ३ च्या शेजारी ४ लिहिला की चौतीस, हे पहिलीपासून आपण घोटून घेतलं. मग पाचवीत ३ च्या शेजारी १/२ लिहिला की साडेतीन, म्हणजे तिथे मधे न लिहिलेलं अधिक असतं. आणि आता सातवीत ३ च्या शेजारी क्ष आला की मधे न लिहिलेलं गुणिले! शेजारी शेजारी लिहिण्याचे तीन वेगळे अर्थ, आणि कुठला कधी हे कुणी सांगितलंच नाही, तर पोरगं करणार काय.

त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस ३क्ष लिहूच नकोस, ३ × क्ष असं पूर्ण लिही. कंटाळून पोरंच म्हणतील बाई ते गुणिले गाळलं तर चालेल का, मग गाळायचं. पुस्तकातला इंग्रजी एक्स हाताने लिहिला की गुणिलेच्या चिन्हाचा जुळा भाऊ दिसतो, आणि घाईत लिहिणाऱ्या पोराला स्वतःचंच अक्षर परत वाचता येत नाही, म्हणून मी सुरुवातीला म, न, प किंवा आपला जुना क्ष घ्यायचे. क्ष ची ओळख करून द्यायला क्ष-किरण बरे पडतात. रॉन्टगेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ साली ते किरण कसले आहेत हे कळेना म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं आणि आपल्याकडे त्याचे क्ष-किरण झाले. वर्गात कुणाचा ना कुणाचा हात मोडलेला असतोच, तो लगेच उठून फोटो कसा काढला ते सांगायला लागतो, त्यात पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

आता ३क्ष + २ चं ५क्ष. याचं कारण थोडं वेगळं आहे. आत्तापर्यंत पोरांनी जे काही गणित केलं त्यात शेवटी एक आकडा यायचा. अधिकचं चिन्ह शिल्लक आहे म्हणजे काम अर्धवट राहिलं, बाई ओरडणार. मग ३क्ष + २ कडे बघून त्यांना वाटतं, अजून उत्तर कुठे आलंय, आणि समोर ३ दिसतोय, २ दिसतोय, मधे अधिक आहे, झालं की! ३क्ष + २ हेच पूर्ण उत्तर असू शकतं हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की सांगायचं राहूनच जातं.

यासाठी मी दोन गोष्टी करायचे. पहिली म्हणजे ती लहानपणची गंमत, तुलाही आठवत असेल. मनात काही रुपये धर. तेवढेच मित्राचे घे. माझे दहा घे. आता निम्मे देवाला वाहा. मित्राचे मित्राला परत दे. तुझ्याकडे पाच उरले! हे सातवीच्या वर्गात केलं की पोरं म्हणतात बाई हे आम्हाला येतंय, तिसरीत असताना आजोबांनी शिकवलंय. मग विचारायचं, येतंय ना, मग पाचच का उरतात ते सांगा बरं. वर्ग गप्प.

फळ्यावर रकाने आख. एकाने ७ धरले, तर ७, १४, २४, १२, ५. एकीने २० धरले, तर २०, ४०, ५०, २५, ५. कुणीतरी हटकून एक लाख धरतो, धरू दे. कुणी शून्य धरतो, तेही लिही. माझ्याकडे एकदा एका पोरीने साडेतीन रुपये धरले होते आणि तिलाही पाचच उरले, तेव्हा वर्गाचे चेहरे बघण्यासारखे होते. पाच-सहा ओळी झाल्या की विचार, आता सगळ्या वर्गासाठी मिळून एकच ओळ लिहायची आहे, कुणी किती धरले ते मला माहीत नाही, पहिल्या रकान्यात काय लिहू? तिथे पोरंच म्हणतात "कितीही", "जेवढे असतील तेवढे".

आणि हा शब्द आला की माझं मन भरून येतं, कारण नेमकं हेच आपल्याकडे आठ-नऊशे वर्षांपूर्वी लिहायचे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यातल्या बीजगणिताच्या भागात माहीत नसलेल्या पहिल्या संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात संख्या आली की कालक, मग नीलक, मग पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, आणि लिहायचं का, नी, पी. पोरांना हे फार आवडतं, काहीजण महिनाभर वहीत 'या' च लिहितात, मी कधी मार्क कापले नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता त्याचा. तुमची सहल त्या बाजूला जात असेल तर पाटणादेवी बघाच.

तर पहिल्या रकान्यात क्ष. मग २ × क्ष. मग २ × क्ष + १०. इथे कुणालाही १२क्ष म्हणावंसं वाटत नाही, कारण ते दहा रुपये माझे आहेत हे त्यांना माहितीये, किती धरलेत ते न कळता ते त्यांच्या रुपयांत मिसळणार कसे? मग निम्मे. इथे थांब जरा, कारण निम्मा वर्ग क्ष + १० म्हणणार, पहिल्याचंच अर्ध करणार. ओरडू नकोस, वरच्या ओळीकडे बोट दाखव: २४ चे निम्मे १२ झाले ना, मग त्यातले माझे किती राहिले? क्ष + ५. मित्राचा क्ष परत दिला, उरले ५. एवढ्या एका गमतीत बैजिक राशी, कंस, निम्मं करणं, सजातीय पदांची (म्हणजे क्ष मधून क्ष ची) वजाबाकी सगळं येऊन गेलं आणि 'बीजगणित' हा शब्द उच्चारलासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट, पदांना चौकटी. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथल्या लोकांनी सहावीच्या पोरांबरोबर हे बरंच करून बघितलंय. राशी दिसली की आधी उत्तराकडे पळायचं नाही, तिच्यातलं प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट चौकटीत टाकायचं. आणि हे अक्षरांच्या आधी नुसत्या आकड्यांवर करायचं. ५ + ३ × ४ मध्ये एक चौकट +५ ची आणि दुसरी +३ × ४ ची. मग ८ × ४ करून ३२ आणणारं पोरगं आपोआप थांबतं, कारण त्याला ५ आणि ३ एकाच चौकटीत दिसत नाहीत. तीच सवय पुढे ३ × क्ष + २ ला उपयोगी पडते.

बरं, आता समीकरणं. इथे मला तुझ्याशी जरा भांडायचंय. तू पत्रात चार वेळा लिहिलंस की मुलं क्ष ला घाबरतात. मला नाही वाटत तसं. उद्या वर्गात गेलीस की काही न सांगता फळ्यावर एवढंच लिही:

८ + ४ = ▢ + ५

यात क्ष नाही, काही नाही, दुसरीतली पोरं करतील असे आकडे. चिठ्ठीवर उत्तर लिहून घे. मी पैज लावते की बरेचजण १२ लिहितील, थोडे १७ लिहितील, आणि ७ लिहिणारे तुला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील. अमेरिकेत हेच पहिली ते सहावीच्या पोरांना विचारलं होतं, तो अभ्यास १९९९ साली छापून आला. कुठल्याही एका इयत्तेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त मुलांना ७ आले नाहीत. तिथली पोरं आणि आपली पोरं यात काही फरक नाही गं, कारण सगळीकडे = हे चिन्ह 'आता उत्तर लिहा' एवढ्याच अर्थाने भेटतं. कॅल्क्युलेटरवर तर ते दाबायचं बटणच आहे.

त्यात आपणही भर घालतो. मी स्वतः फळ्यावर असं लिहायचे: १२ + ५ = १७ × २ = ३४ − ४ = ३०. भराभर, बोलता बोलता. एका शाळा तपासणीत साहेब मागच्या बाकावर बसले होते, तास संपल्यावर हळूच म्हणाले, मॅडम, तुमच्या फळ्यावर बारा अधिक पाच बरोबर तीस झालेत. मला दोन मिनिटं कळेचना काय म्हणताहेत. मग कळलं तेव्हा घाम फुटला. आठ वर्षं मी ते लिहीत होते. तू तुझा फळा बघ एकदा.

आणि सगळ्यात मजा म्हणजे आपला शब्दच सांगतोय काय ते. समीकरण म्हणजे सम करणं. पेपरात रोज राजकीय समीकरणं जुळतात आणि बिघडतात, पण हा साधा अर्थ वर्गात कुणी फोडून सांगत नाही. ते दोन रेघांचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श माणसाने आणलं, कारण त्याचं म्हणणं, दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्या दोन वस्तू असणार. उत्तर वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं.

तेव्हा चार दिवस रोज पहिली दहा मिनिटं नुसतं हे घे. ७ = ७ चूक की बरोबर? (चूक म्हणणारे निघतील, "बाई यात काही केलंच नाही" असं म्हणतील.) १३ = ९ + ४ असं उलटं लिहिलं तर चालतं का? आणि मग जरा अवघड, ३७ + २८ = ३९ + ▢, पण अट अशी की बेरीज करायची नाही. ३९ हे ३७ पेक्षा दोनने जास्त, म्हणजे इकडे दोनने कमी हवेत, २६. ज्या दिवशी तुझी पोरं हे बेरीज न करता सांगायला लागतील त्या दिवशी समीकरण शिकवायला घे, त्याआधी घेतलंस तर नियम पाठ करून घेण्याशिवाय तुला पर्याय उरणार नाही, शेजारच्या सरांसारखं.

मग काडेपेट्या. रिकाम्या काडेपेट्या गोळा करायला सांग, दोन दिवसांत पन्नास जमतात. आत चिंचोके. फळ्याऐवजी जमिनीवर खडूने मधोमध रेघ मारायची, इकडे तीन बंद पेट्या आणि दोन सुटे चिंचोके, तिकडे चौदा सुटे चिंचोके. दोन्हीकडे चिंचोके सारखेच आहेत आणि प्रत्येक पेटीत सारखेच आहेत, पेटी न उघडता सांगा आत किती. पोरं आधी पेटी कानाशी धरून खुळखुळवतात, हलवू दे, त्यातून काही कळत नाही हे त्यांनाच कळतं. मग कुणीतरी म्हणतं दोन्हीकडचे दोन-दोन काढूया. का काढायचे? "कारण दोन्हीकडून काढले तर सारखंच राहतं." हे वाक्य पोराच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसायचं, हेच अवघड काम आहे, मला कधीच धड जमलं नाही. मग इकडे तीन पेट्या, तिकडे बारा. तीन सारखे वाटे करा. चार. उघडा पेटी.

मी आधी खरा तराजू आणायचे, रद्दीवाल्याकडून मागून. तू त्या फंदात पडू नकोस. एकतर आताच्या पोरांनी तागडी बघितलेलीच नसते, सगळीकडे काटे इलेक्ट्रॉनिक झालेत, त्यामुळे आधी तराजू शिकवावा लागतो, आणि दुसरं म्हणजे पेटीचं स्वतःचं वजन भरतं आणि चिंचोकेही लहान-मोठे असतात, त्यामुळे पारडी जुळत नाहीत आणि तू घामाघूम होतेस. खडूची रेघ बरी.

यात एक खड्डा आहे तेवढा बघ. क्ष म्हणजे पेटी नव्हे, क्ष म्हणजे पेटीतल्या चिंचोक्यांची संख्या. आपण बोलताना "तीन क्ष म्हणजे तीन पेट्या" म्हणून जातो, किंवा त्याहून वाईट, "के म्हणजे केळी, पे म्हणजे पेरू, ३के + २पे". दिसायला सोपं वाटतं पण पुढे गळ्याशी येतं. एका शाळेत शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांची संख्या व, शिक्षकांची श, समीकरण लिही. पटकन ६व = श लिहावंसं वाटतं ना? सहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं वाचून. पण मग व = ६ घातले तर श = ३६, म्हणजे विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक जास्त! खरं ते व = ६ × श. अमेरिकेत हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं तर दर तिघांत एकाहून जास्त चुकले, म्हणून म्हणते. अक्षर म्हणजे वस्तूचं आद्याक्षर अशी सवय एकदा लागली की ती बारावीपर्यंत सोबत करते.

आता तुझा मुख्य प्रश्न, इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं हे सांगायचं की नाही.

पहिल्या वर्षी मी हेच सांगितलं होतं. एका पोराने विचारलं, बाई, त्या बरोबरच्या चिन्हापाशी काय टोलनाका आहे का, तिथून पलीकडे जाताना चिन्ह बदलायला? वर्ग हसला, मीही हसले, उत्तर मात्र दिलं नाही, कारण माझ्याकडेच नव्हतं. आणि मग चाचणीत त्याच पोराने ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असं लिहिलं. त्याच्या बाजूने बघ, तीन तिकडे गेला, चिन्ह बदललं, त्याची चूक काय? आणखी एकीने क्ष = १२ ÷ (−३) = −४ लिहिलं होतं. तिने तर भागलंही आणि चिन्हही बदललं, दोन्ही नियम पाळले बिचारीने. या दोन्ही चुका नियम नीट पाठ असलेल्या पोरांच्या आहेत, न पाठ केलेल्यांच्या नाहीत.

त्यामुळे दोन आठवडे तरी पेट्यांशेजारी हेच लिहून घे, प्रत्येक ओळीपुढे काय केलं ते मराठीत:

३ × क्ष + २ = १४
३ × क्ष = १२ (दोन्हीकडचे २ काढले)
क्ष = ४ (दोन्हीकडे ३ सारखे वाटे केले)
ताळा: ३ × ४ + २ = १४

ताळ्याची ओळ कधीच सोडायची नाही. ९ आणणाऱ्या पोराने ताळा केला असता तर ३ × ९ = २७ आलं असतं आणि १२ शी भांडण त्याचं त्यालाच दिसलं असतं, मला लाल पेन उघडावं लागलं नसतं. साधारण दहाएक गणितं अशी लिहून झाली की दोन-तीन पोरं म्हणतातच, बाई हे दोन काढले दोन काढले काय लिहायचं सारखं, इकडचे अधिक दोन तिकडे वजा दोन होतात एवढंच तर आहे. मग म्हणायचं, हो, एवढंच आहे, करा तसं. आता तो त्यांचा शॉर्टकट झाला, टोलनाका राहिला नाही. ज्यांना क्लासमध्ये आधीच शिकवलंय त्यांना बंदी घालू नकोस, घरी उगाच कटकट होते, फक्त दर दोन-तीन गणितांनी विचारत राहा, चिन्ह का बदललं सांग. सांगता आलं तर वापर.

शेजारच्या सरांशी वाद घालू नकोस हं. त्यांची पोरं तुझ्या पोरांच्या आधी धडा संपवतील, या चाचणीत कदाचित जास्त मार्कही आणतील. मला विचारशील तर तीन आठवड्यांसाठी मी तुझ्या जागी असते तर शाब्दिक उदाहरणं जेमतेम दोन-चारच घेतली असती, "समजा ती संख्या क्ष आहे" हे तशीही पोरं मंत्रासारखं लिहितात, आणि तो सगळा वेळ = ला दिला असता. वयाची उदाहरणं दिवाळीनंतर.

कंसाबाहेरच्या वजाबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशील, म्हणून आत्ताच. १०० − (६० − १०). दुकानदाराला शंभराची नोट दिली, वस्तू साठची, दहा रुपये सूट. परत किती? पन्नास, कुणीही सांगतं. आता कंस नुसता पुसून टाक: १०० − ६० − १० = ३०. म्हणजे सूट द्यायच्या ऐवजी दुकानदाराने वर दहा घेतले! पोरं चिडतात. बस, आतलं चिन्ह का बदलतं याला यापेक्षा जास्त वेळ देऊ नकोस.

राहिला तुझा भाजीवाला. तो मला फार आवडला. त्याला पायऱ्या लिही म्हणून सांगणं म्हणजे बाजारात गिऱ्हाइकाला हिशोब तोंडी सांगितल्यावर कागद मागण्यासारखं आहे, त्याला गरजच नाही. तो बहुतेक उलटा जात असणार, १४ मधून २ गेले, १२ चे तीन भाग. उलटं जाणं जिथे चालत नाही असं त्याला दे, म्हणजे दोन्ही बाजूंना क्ष असलेलं. ५क्ष + ३ = २क्ष + २४. कदाचित अंदाजाने दोन-तीन प्रयत्नांत ७ सांगेल, हुशार आहे. मग दे ६क्ष + ५ = २क्ष + १२. आता अंदाज चालायचा नाही, कारण उत्तर पूर्ण संख्या नाहीये. तरीही तो सोडवेल असं मला वाटतं, आणि तो सोडवत असताना काय बोलतो ते ऐक आणि तो बोलेल तसं तूच फळ्यावर लिहीत जा. "दोन पिशव्या दोघांच्यात सारख्याच, त्या सोडून द्या." लिही ४क्ष + ५ = १२. "पाच सुटे काढा." लिही ४क्ष = ७. "चार पिशव्यांत सात किलो, म्हणजे पावणेदोन." लिही क्ष = १ ३/४. मग त्याला फळा दाखव आणि सांग, या तुझ्या पायऱ्या, तूच बोललास. पुढच्या वेळी खडू त्याच्या हातात दे आणि दुसऱ्या कुणालातरी बोलायला सांग. पावणेदोन ऐकून वर्गातली निम्मी पोरं एक पूर्णांक किती ते विचारतील, ते त्यालाच समजावू दे, पावशेर-अर्धा किलोत त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि पेट्यांचं एक राहिलं. चिंचोके आदल्या दिवशी स्वतः मोजून भर, मॉनिटरवर सोपवू नकोस. माझ्या वर्गात एकदा हेच तीन पेट्या, दोन सुटे, पलीकडे चौदा मांडलं होतं, सगळ्यांनी चार म्हणून सांगितलं, मोठ्या थाटात मी पहिली पेटी उघडली तर आत तीन. मी चपापले. पहिल्या बाकावरची एक पोरगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, बाई चारच आहेत, गणित बरोबर आहे, पेटी चुकलीय. दुसरी उघडली, चार. तिसरी, चार. पहिल्या पेटीतला चौथा मधल्या सुट्टीत सापडला, मॉनिटरच्याच खिशात, भाजून खायला ठेवला होता म्हणे.